पोळ्या लाटणारे मॅनेजर

नेपरव्हिल, ११ जानेवारी २०२५

प्रिय नंदा,

अनन्याची कंबर आता कशी आहे? बाळंतपणानंतर थंडीत कंबर धरतेच. तिला म्हणावं, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसू नकोस. जावईबापूंचं पित्त? रोज जर्सी सिटीहून गाडी पकडून मॅनहॅटन गाठायचं आणि उभ्या उभ्या कॉफीवर दिवस काढायचा, मग परीक्षितरावांना पित्त होणार नाही तर काय होणार! बाळ आर्यचे दात आले का? लाळ फार गळत असेल तर हनुवटीला खोबरेल लावत जा. आणि तुझी टाच? तुझं सगळ्यांत शेवटी विचारते आहे, कारण तुझं विचारायला जरा धीर गोळा करावा लागला.

आमच्याकडे ठीक. मोरेश्वरराव स्वतः फावडं घेऊन दारातला बर्फ काढतात. मी ओरडते, ते ऐकत नाहीत, म्हणजे तब्येत उत्तम आहे. आपलं पुरणपोळ्यांचं किचन पहिल्यासारखं चालू आहे.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर दोनदा 'हं' म्हणून आर्यच्या हातात देतेस, आणि तो गुलाम फोन चाटत बसतो. म्हणून कागद घेतला. सोबत तिळाच्या वड्या आहेत. संक्रांतीचं ते नेहमीचं वाक्य मुद्दाम लिहीत नाही, तुला टोमणा वाटेल.

आता त्या दिवसाचं. दिवाळीचा माल गेल्यावर अनिका आली होती. तुला ठाऊक आहे, राजेशभाऊ निवृत्त झाल्यापासून आपले हिशेब त्यांची लेकच बघते. तिने पगाराचे कागद उघडले आणि कपाळाला हात लावला. पॅकिंगमधली लुपे आणि तिच्या मैत्रिणी आल्या-गेल्याचं कार्ड मशीनला लावतात, आठवड्याला चाळीसच्या वर तास झाले की दीडपट घेतात. आणि तू, नैना, शिव, तुम्ही तिघं मात्र बांधलेल्या पगारावर. गणपतीत रात्र झाली तरी तेवढंच, दिवाळीत मान मोडली तरी तेवढंच.

हे कुणी केलं? मीच. पण लबाडीने नाही गं. आमच्या घरी तासावरची माणसं म्हणजे रोजंदारीची, आणि पगारी माणूस म्हणजे ओट्यावर बसवायचा. आपल्या माणसाच्या हातात कार्ड द्यायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असंच माझ्या डोक्यात. म्हणून तर त्या दसऱ्याला मशिनींना झेंडूच्या माळा घातल्या तेव्हा तुम्हा तिघांना शाल-श्रीफळ दिलं. तू किचन मॅनेजर, नैना पोळी मॅनेजर, शिव डिलिव्हरी मॅनेजर. महाराष्ट्र मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं मी.

अनिका म्हणाली, "मावशी, तीन मॅनेजर? बट हू डू दे मॅनेज?"

मी म्हटलं, "एकमेकांना."

ती हसलीसुद्धा नाही. मला समजावत बसली. नुसता पगार बांधून दिला म्हणजे ओव्हरटाइम सुटला असं होत नाही म्हणे. माणूस खरोखरीचा मॅनेजर लागतो. हाताखाली निदान दोन पूर्णवेळ माणसं हवीत, नेमण्या-काढण्यात त्याच्या शब्दाला वजन हवं, आणि दिवसाचं मुख्य काम तेच हवं. पगारही ठरावीक आकड्याच्या वर हवा. छातीवरच्या बिल्ल्यावर काय लिहिलंय ते कायदा वाचत नाही. मग तिने एकेक विचारायला घेतलं. माणूस नेमतं कोण? मी. काढतं कोण? मी. ऑर्डर घ्यायची की नाही, कोण ठरवतं? मी. मग नंदाकाकू काय ठरवतात?

आणि मी म्हणाले, "ती काय ठरवणार? ती पुरण शिजवते, पोळ्या लाटते. ठरवते सगळं मीच."

तू दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. ट्रे ठेवलास, एप्रन काढून खुंटीला लावलास आणि गेलीस. तीन दिवसांनी कळलं की नंदा जर्सी सिटीला लेकीकडे गेली, परत कधी येणार ते ठाऊक नाही.

नंदा, तासावर घेणं म्हणजे तुला खाली उतरवणं नव्हे, एवढंच सांगायला हे पत्र. डिसेंबरपासून तिघांची नावं कार्डावर आली. मागचं जे निघत होतं तेही अनिकाने ज्याचं त्याला पोचतं केलं. तुझं तुझ्या खात्यात आलं असेल. ते उपकार समजू नकोस, तुझंच होतं. माझा जीव खरंच भांड्यात पडला. कुणी तक्रार करायच्या आधी, कुणी बोट दाखवायच्या आधी आपण आपल्या हाताने सुधारलं. आता तेवढी तू ये.

तुझी,
रत्नाताई


नेपरव्हिल, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नंदा,

वड्या पोचल्या, हे अनन्याकडून कळलं. तुझा निरोपही तिच्याच आवाजात आला. मी तो तीनदा ऐकला. "आई म्हणतेय, घड्याळाचा मला राग नाही. लुपेच्या शेजारी माझं कार्ड लागलं तर माझं काय झिजतं? मी काहीच ठरवत नाही असं तू त्या पोरीला सांगितलंस, त्याचा राग आहे." आणि मग तुझी लेक स्वतःच्या मनाचं बोलली, "मावशी, प्लीज तुम्ही दोघी डायरेक्ट बोला ना यार. मी काय पोस्टमन आहे?"

खरं सांगते, आधी मलाच राग आला. मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडले. मी काय खोटं बोलायला हवं होतं? नंदा सगळं ठरवते असं सांगितलं असतं, तर तुला आणखी दहा वर्षं शालीत गुंडाळून फुकट राबवता आलं असतं. मी खरं बोलले म्हणून तुला तुझ्या तासांचं मिळालं. आणि हिला खऱ्याचाच राग!

हे सगळं मी पोळपाट आपटत मोरेश्वररावांना ऐकवलं. ते पेपर बाजूला न करता म्हणाले, "तू खरं बोललीस, रत्ना. पण ते खरं तसं का होतं, हे कुणी विचारलंच नाही."

हा माणूस वर्षातून एकदा बोलतो आणि मग वर्षभर मला पुरतं.

मागच्या गणपतीत तू म्हणाली होतीस, विस्कॉन्सिनच्या दुकानाची ऑर्डर घेऊ नकोस, ताई, माणसं पुरणार नाहीत. मी घेतली. तू टाच धरून उभी राहिलीस आणि ती पुरी केलीस, एका शब्दाने म्हणाली नाहीस की मी सांगितलं होतं. म्हटलं असतंस तर बरं झालं असतं. मी तुझं नाव मॅनेजर ठेवलं आणि हातातला चमचाही सोडला नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो वाळा मीच घातला तुझ्या हातात.

अनिकाला विचारलं, आता काय करू? ती म्हणाली, दोन रस्ते आहेत. एक, नंदाकाकूंना तासावरच ठेवा, थांबल्या तर दीडपट द्या. दुसरा, त्यांना पगारावर घ्यायचं असेल तर खरोखरची मॅनेजर करा. माणसं त्या नेमतील, पाळ्या त्या लावतील, ऑर्डरला नाही म्हणायचं तेही त्याच म्हणतील, आणि दिवसभर पोळ्या लाटत बसायचं नाही. "अँड यू कान्ट हॉवर, मावशी," म्हणाली. म्हणजे मी डोक्यावर घिरट्या घालायच्या नाहीत. घार समजते की काय मला!

मला दोन्ही चालेल. तू निवड. अगदी खरं म्हणजे दुसरा रस्ता मला जड जातो. सत्तरीला टेकले, ज्या किचनची फरशीसुद्धा मी निवडली तिथे कुणाला तरी विचारून आत जायचं! पण लिहून टाकलं. आता पुसत नाही.

आर्यच्या दातांचं अनन्या काही बोललीच नाही. किती आले?

रत्नाताई


नेपरव्हिल, १६ मार्च २०२५

प्रिय नंदा,

किचन पहिल्यासारखं चालू आहे, असं जानेवारीत लिहिलं होतं. तसं ते नव्हतं. होळी झाली, आता लपवून कुणाला फसवू?

पुरण सैल आलं. एकदा नाही, दोन घाणे. नैना पोळी उलटायची आणि ती तव्यावर फुटायची. मी चव घेतली, चव बरोबर. वेलची बरोबर, जायफळ बरोबर. मी डाळीला दोष दिला, गॅसला दिला, नैनाच्या मनगटाला दिला. शेवटी ती पोरगी म्हणाली, "काकू, गूळ ओला आहे. नंदाकाकू असत्या तर त्यांनी हा ट्रक दारातूनच परत पाठवला असता."

मी म्हटलं, "परत? मला न विचारता?"

ती शिवकडे बघायला लागली आणि शिव छताकडे.

मग दोघांनी मिळून सांगितलं. मी सकाळी दहाला येते, माल त्याआधी येतो. तू प्रत्येक ढेप फोडून बघायचीस आणि ओली निघाली की परत. नैनाच्या लेकीला ताप आला की तिची पाळी तू बदलायचीस, स्वतः उभी राहायचीस. बर्फ जास्त असला की शिवला गाडी काढू द्यायची नाहीस, आणि दुकानाला स्वतः फोन करून सांगायचीस की माल उद्या. इतकी वर्षं! आणि मी समजत होते की आपला गुळवाला फार चांगला आहे आणि बर्फात आपल्या गाड्या नशिबाने वाचतात.

मी त्या दिवशी अनिकाला खरं सांगितलं असं समजत होते. ते खरंच नव्हतं गं. मला ठाऊक होतं तेवढंच मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अनिकाला फोन लावला. म्हटलं, माझी जबानी बदल. ती म्हणाली, कायद्याच्या हिशेबात काही बदलत नाही, दिवसाचं मुख्य काम लाटणंच होतं, तेव्हा ओव्हरटाइम द्यायलाच हवा होता. "बट आय ॲम ग्लॅड यू टोल्ड मी," म्हणाली. म्हणजे नियमाला पुरेल एवढी मॅनेजर तू नव्हतीस. पण तू दारात असताना मी म्हणाले तशीही तू कधीच नव्हतीस. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं. पण तुझं तोंड आठशे मैलांवर आहे, म्हणून कागदावर.

आता एक चांगली गोष्ट. होळीला मंडळाने आयत्या वेळी आणखी पोळ्या मागितल्या. एरवी मी हो म्हणून मोकळी झाले असते, कारण तुम्ही थांबलात तर माझं काय जात होतं? या वेळी विचार करावा लागला. थांबवलं तर दीडपट, आणि थकलेल्या हातांनी पोळी फुटणार ती वेगळीच. मी नाही म्हटलं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "रत्नाताई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

पाच वाजता सगळ्यांनी हात धुतले आणि कार्ड लावून गेले. शिव लेकीची बास्केटबॉलची मॅच बघायला पळाला. जाता जाता लुपेने मशीनला टाळी दिल्यासारखं थोपटलं आणि नैनाला म्हणाली, आता कळली का याची माया? मी घरी आले तर खिडकीत अजून दिवसाचा उजेड होता. मोरेश्वरराव दाराशी येऊन म्हणाले, "काय झालं? काही पडलं-बिडलं का?" मी म्हटलं, काही नाही, सुट्टी झाली. दोघांनी तव्यावरची पोळी तूप घालून गरम गरम खाल्ली. इतक्या वर्षांत होळीची पोळी मी दुसऱ्या दिवशी, गारच खात आले.

वाटायचं, नाही म्हटलं की आपलं नाव बुडेल. मंडळाचा पाडव्याच्या ऑर्डरचा फोन कालच आला. या वेळी पंधरा दिवस आधी.

मी आणखी काही विनवण्या करत नाही. तुला यायचं नसेल तरीही हे पत्र खरंच आहे.

रत्नाताई


नेपरव्हिल, ५ एप्रिल २०२५

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं! पेटीत तुझं अक्षर दिसलं आणि मी बर्फाच्या चिखलात चपलांनिशी उभी राहून तिथेच फोडलं. मोरेश्वरराव आतून ओरडत होते, "अगं, कोट तरी घाल!"

आधी त्यांना वाचून दाखवलं, मग एकटीने वाचलं. आर्यला चार दात, अनन्याची कंबर पोहण्याने सुधारली, परीक्षितराव डबा नेऊ लागले, तुझी टाच जर्सीच्या सपाट फुटपाथवर खूश आहे. देव पावला. एकेकाचं असं नीट लिहिलंस तेव्हाच ओळखलं, राग उतरला.

आणि मग तुझा तो परिच्छेद. "ताई, तू मला दोन रस्ते दिलेस. मला दोन्ही हवेत. ठरवणंही हवं आणि तासही हवेत. तास का, विचारशील. मी तुला ओळखते. माझ्या थांबण्याला किंमत नसली की तू मला थांबवणारच."

मी हसले. मग पदराने डोळे पुसले. मग घाबरले. म्हटलं, हे कायद्यात बसतं की नाही कोण जाणे! आत्ताच कुठे सगळं मार्गी लागलंय, ही बया पुन्हा नियम मोडायला लावते की काय? तशीच अनिकाकडे गेले. तिला सांगितलं, नंदाला मॅनेजरही व्हायचंय आणि ओव्हरटाइमही हवाय. मोठा गुन्हा आहे का?

ती खुर्चीत मागे रेलून अशी हसली! "मावशी, कुणाला ओव्हरटाइम द्यायलाच हवा, एवढंच लॉ सांगतो. बाकीच्यांना देऊ नका असं कुठे म्हणतो? तुम्ही सीईओलासुद्धा द्या, लॉ विल बी फाइन."

म्हटलं, मग फेब्रुवारीत दोनच रस्ते का सांगितलेस?

"कारण तुम्ही विचारलंत, कमीत कमी काय करावं लागेल."

नंदा, माझ्या खांद्यावरून धोंडा उतरला बघ. इतके महिने मी रात्रंदिवस हेच तोलत होते, तुझा मान ठेवू की तुझे तास ठेवू. दोन्ही एका ताटात बसतात हे मला सुचलं नाही, अनिकाने सांगितलं नाही. तुला मात्र आठशे मैलांवरून दिसलं.

तेव्हा ठरलं. किचन तुझं, तासही तुझे. अनिका कागद करते आहे, आल्यावर वाच आणि मगच सही कर, माझ्या तोंडाकडे बघून करू नकोस.

तुझे हुकूम वाचले. लाटायला आणखी एक बाई घ्यायची, मान्य. ती तू निवडणार, मान्य. गूळ तू बघणार, सगळ्यांदेखत आणि माझ्यासमोर, हेही मान्य. आठवड्याला किती पोळ्या त्याचा आकडा तू बांधणार आणि मंडळाच्या बायका रडल्या तरी तो हलणार नाही, बरं बाई, मान्य. पण "ताईने चमचा घेऊन घाण्याघाण्याला चव बघत फिरायचं नाही" हे जरा जास्त झालं. अगं, मी जिभेला काय सांगू? मोरेश्वरराव म्हणतात, "सही करून टाक, रत्ना. मला निदान घरी तरी कुणी चव बघणारं मिळेल." ते या हुकमावर इतके खूश आहेत की त्यांनी तो फ्रिजवर चिकटवलाय.

मान्य. तोही मान्य. आठवड्यातून एकदा विचारून चव बघेन.

आर्यची डेकेअर मेपासून सुरू म्हणतेस, तेव्हा एप्रिलअखेर तू मोकळी होशील. घाई करू नकोस. अनन्याला एकदम सोडून येऊ नकोस, पोर कामावर रुजू होऊन जरा रुळू दे. नैनाने तुझा एप्रन धुऊन ठेवलाय आणि शिव रोज विचारतो. मी विचारत नाही, मी लिहिते.

पाडव्याला गुढी उभारली. अनन्याला, जावईबापूंना आशीर्वाद, आर्यच्या चारही दातांना माझी पापी.

शिकागोच्या विमानतळावर घ्यायला मी येऊ, शिवला पाठवू, की तू टॅक्सीने येणार, हे काही मी ठरवत नाही. तूच ठरव. पण लवकर ठरव आणि लवकर लिही, कारण वाट बघायचे तास मला कुणीच भरून देत नाही.

तुझीच,
रत्नाताई